उन्हाळी लागली म्हणतात ते

लघवीला जळजळ व्हायला लागली की आमच्याकडं म्हणतात, उन्हाळी लागली. सोलापुरात हे पटकन पटतंही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, दुपारी डांबरावर पाऊल ठेववत नाही, कितीही पाणी प्यालं तरी घशाला कोरड. मग सासूबाई रात्रीच तांब्यात धणे-जिरे भिजत घालतात. सकाळी सब्जाचं पाणी. माझ्या आईनं मला तेच दिलं, मी माझ्या लेकीला तेच दिलं. म्हणून मार्चमध्ये पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा मी डॉक्टरांचा विचारसुद्धा केला नाही. तीन-चार दिवस सोसलं, कमी झालं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा नोव्हेंबर होता. पहाटे चादर ओढून घ्यावी अशी थंडी. नोव्हेंबरात उन्हाळी कशी लागेल?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. मागावरून टॉवेल उतरला की तो टेबलावर पसरायचा, तळहात फिरवायचा, कुठं धागा तुटलाय का, तेलाचा डाग आहे का, सुताचा फासा ओढला गेलाय का ते बघायचं. दिवसभर उभं राहून काम. बायकांचं संडास कारखान्याच्या मागच्या अंगाला, त्याला कुलूप, आणि किल्ली गेटवरच्या वॉचमनकडं. किल्ली मागायला गेलं की सगळ्या मागवाल्यांच्या समोरून जायचं. मी जातच नसे. सकाळी साडेआठला घरीच लघवीला जाऊन निघायचं, ते पुन्हा संध्याकाळी सहाला घरी येऊनच जायचं. लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायचं. आमच्या टेबलावरच्या सगळ्याच बायका असंच करायच्या. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

दुसऱ्या खेपेला, जुलैमध्ये, मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. काउंटरवरच्या मुलाला हळूच सांगितलं, त्यानं न विचारता सहा गोळ्या दिल्या. दोन दिवसांत जळजळ थांबली तशा उरलेल्या चार गोळ्या मी देवघराच्या खणात ठेवून दिल्या, पुन्हा लागतील म्हणून. हे मी लपवत नाही, कारण पुढं त्याचा हिशोब द्यावा लागला.

नोव्हेंबरचा त्रास मात्र वेगळा होता. दर दहा मिनिटांनी लागल्यासारखं व्हायचं, गेलं की चार थेंब, आणि त्या चार थेंबांना काच चिरत गेल्यासारखं. ओटीपोटात ठसठस. लघवी गढूळ, वास उग्र. माझी नणंद तेव्हा घरी होती. ती म्हणाली, “वहिनी, जरा स्वच्छता ठेवत जा की.” तिच्या मनात वाईट नव्हतं. पण ते वाक्य मला त्या जळजळीपेक्षा जास्त लागलं. मी दोन वेळा अंघोळ करणारी बाई. पाणी चार-पाच दिवसांनी येतं तरी आमच्या घरात बादली कधी रिकामी नसते. त्या रात्री मी न्हाणीघरात बसून रडले, आणि सकाळी सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टर मॅडमकडं गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ताप येतो का, थंडी वाजते का, कमरेच्या वर पाठीत दुखतं का, विचारलं. नाही म्हटलं. मग विचारलं, “कामावर असताना किती वेळा लघवीला जाता?”

“एकदाही नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा म्हणजे आता अंदाजानं गोळ्या द्यायच्या नाहीत, कल्चर करायचं, म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायचं, असं म्हणाल्या. आणि देवघरातल्या गोळ्यांचं कळल्यावर रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, “त्या दोन गोळ्यांनी कच्चे जंतू मेले, पक्के राहिले.”

कल्चरचा नमुना द्यायचा म्हणजे काय, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. लॅबनं झाकणाची डबी हातात दिली, सकाळची लघवी आणा म्हणाले, एवढंच. मी सकाळी सहाला डबी भरली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, डबे केले, मुलांना पाठवलं आणि नऊला जाताना दिली. दोन दिवसांनी कागद आला, त्यावर लिहिलेलं: मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्यावा. पैसे गेले, दोन दिवस गेले, आणि दुखणं तसंच.

माझ्या बहिणीची मुलगी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. तिला फोन केला. “मावशी, तीन तास खिडकीत? हे जंतू जमेल तिथं वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तू डबीत शेतीच केलीस की!” मग तिनं मला पद्धत सांगितली, ती मी इथं मुद्दाम सविस्तर लिहिते. हात धुवायचे. लघवीची जागा साध्या पाण्यानं पुढून मागं धुवून कोरडी करायची. दोन बोटांनी तिथले ओठ बाजूला धरायचे. पहिली धार सोडून द्यायची, ती बाहेरच्या कातडीवरचे जंतू घेऊन येते. धार चालू असतानाच मधली लघवी डबीत घ्यायची, डबीच्या कडेला आत बोट लावायचं नाही, शेवटची धार पुन्हा सोडून द्यायची. झाकण घट्ट, आणि दोन तासांत लॅबमध्ये. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये किंवा बर्फात.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला नळाला पाणी आलं, मी ते भरत बसले नाही. पहिल्यांदाच. मुलाला उठवून नळावर बसवलं आणि हे काम आधी केलं. डबी एका पिशवीत, पिशवीभोवती बर्फाचे तुकडे, आणि लॅब उघडायच्या आधी मी पायरीवर.

यावेळी कागदावर नाव आलं: एशेरिकिया कोलाय, म्हणजे ज्याला सगळे ई. कोलाय म्हणतात तो. थिओडोर एशेरिख नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली लहान मुलांच्या शीमध्ये तो पहिल्यांदा बघितला, म्हणून त्याचं नाव. पुढं लिहिलेलं, एका मिलिलिटरला १ लाखाहून जास्त. भाचीनं सांगितलं की लॅबमध्ये तारेचा एक बारीक वळसा असतो, त्यात लघवीचा मिलिलिटरचा हजारावा भाग बसतो. तो ताटलीतल्या खाद्यावर ओढायचा, ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. सकाळी जेवढे ठिपके दिसतील तेवढे जंतू त्या थेंबात होते. शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरला लाख. पहिल्या खेपेला तीन-चार जातींचे ठिपके एकत्र उगवले होते, त्यावरून कळलं की नमुन्यात बाहेरचेच मिसळलेत.

खाली औषधांची यादी होती, काहींसमोर आर, काहींसमोर एस. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो. मेडिकलमधल्या त्या मुलानं मला दिलेल्या गोळीसमोर आर होतं. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसले होते.

मॅडमनी नायट्रोफ्युरॅन्टॉइन दिलं, पाच दिवस, जेवणानंतर. लघवी गर्द पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नका, हेही सांगितलं. खरंच झाली. सांगितलं नसतं तर मी गोळ्या बंद केल्या असत्या.

तेव्हाच मी विचारलं, जे नणंदेनं बोलल्यापासून मनात होतं. “मॅडम, मी एवढी स्वच्छ राहते, मग हे चिकटतं कसं?”

“चिकटतं हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात,” त्या म्हणाल्या आणि रिपोर्टच्या पाकिटावर चित्र काढायला लागल्या.

मूत्राशयाच्या आतून चपट्या मोठ्या पेशींचा थर असतो. मॅडमनी शहाबादी फरशी बसवल्यासारखे चौकोन काढले. त्यांना छत्री पेशी म्हणतात, कारण खालच्या पेशींवर त्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात. त्यांच्या वरच्या बाजूला एका प्रथिनाची नक्षी असते, युरोप्लाकिन, आणि त्या प्रथिनाला साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्या साखळीत मॅनोज नावाची साखर असते. ई. कोलायच्या अंगावर शेकडो केस असतात, त्यांना पिलाय म्हणतात. केसाच्या टोकाला फिम-एच नावाचा एक छोटा हात, आणि त्या हाताला मॅनोज बरोबर पकडता येतं. हा जंतू आपल्याच आतड्यातला. तिथं तो निमूट राहतो. बाईच्या लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास, म्हणून त्याला वर चढायला आपल्याकडं वाट जवळची. चढला की तो साखर शोधतो, आणि पकडतो.

“तुम्ही बाहेरून कितीही धुतलंत तरी आतली पकड धुतली जात नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि ती पकड तुमच्या घाणीमुळं झालेली नाही.”

ते पाकीट मी अजून जपून ठेवलंय. नणंदेला दाखवलं. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, “मला पण होतंय गं वहिनी, दोन वर्षं झाली.” तिला हे कुणालाच सांगता आलं नव्हतं.

औषधानं मी बरी झाले. पण ती पकड मला डोळ्यांनी बघायची होती. कापडात आयुष्य गेलंय, हाताला लागल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. भाचीनं तिच्या सरांना विचारलं. एका शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर या म्हणाले. माझ्या लघवीतले जंतू नव्हते ते, कॉलेजच्या साठ्यातले ई. कोलाय होते, पण केस असलेले. ते केस भरपूर यावेत म्हणून भाचीनं जंतू दोन दिवस पातळ खाद्यात न हलवता ठेवले होते. घट्ट ताटलीवर वाढवले तर केस कमी येतात म्हणे. जंतूलाही केस उगवायचे की नाही ते ठरवता येतं, काही पिढ्या केसवाल्या, काही बिनकेसाच्या.

मला एप्रन घालायला लावला, हातमोजे दिले, आणि काही शिवायचं नाही अशी तंबी. टेबलावर काचेच्या तीन पट्ट्या, आणि एका चंचुपात्रात बेकरीचं यीस्ट पाण्यात कालवलेलं. मी म्हटलं, हे पावाचं यीस्ट कशाला? तर यीस्टच्या पेशीच्या भिंतीत मॅनोज ठासून भरलेलं असतं. जंतूला मूत्राशय आणि यीस्ट यात फरक कळत नाही, त्याला साखर कळते.

पहिल्या पट्टीवर भाचीनं यीस्टचा एक थेंब ठेवला. दुधासारखा गुळगुळीत. त्यात जंतूंचा थेंब टाकला आणि पट्टी हातात धरून हलकेच डावीउजवीकडं कलवायला लागली. मी श्वास धरून बघत होते. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. मग थेंबाच्या कडेला रवाळ काहीतरी दिसलं, मग मधेही, आणि मिनिटभरात अख्खा थेंब दूध नासल्यासारखा फुटला. पांढरे कण एकीकडं, स्वच्छ पाणी एकीकडं. जंतूंनी यीस्टच्या पेशी एकमेकींना बांधून टाकल्या होत्या.

दुसऱ्या पट्टीवर तेच दोन थेंब, पण जंतूंच्या थेंबात आधी मॅनोजचं पाणी घातलेलं. तिनं मिनिटभर कलवलं, दोन मिनिटं कलवलं. दूध दूधच राहिलं. जंतूंचे हात सुट्ट्या साखरेनं आधीच भरले होते, यीस्टला धरायला मोकळा हातच नव्हता.

“आता तिसरी बघ मावशी,” ती म्हणाली. तिसरीत मॅनोजऐवजी ग्लुकोज. मला वाटलं, साखर ती साखर, हीही थांबवेल. पण नाही, दूध पुन्हा नासलं. ग्लुकोज आणि मॅनोज यांत अणू तेवढेच, जुळणी एका जागी उलटी. तेवढ्या फरकानं तो हात तिला ओळखत नाही. मला ही तिसरी पट्टी सगळ्यांत जास्त आवडली. पहिल्या दोन्हींनी पकड दाखवली, तिसरीनं तिचा नेमकेपणा.

सूक्ष्मदर्शकात यीस्टच्या गोल पेशी दिसल्या, आणि त्यांच्या कडेनं बारीक दांड्या, शेंगदाण्याला मुंग्या लागाव्यात तशा. केस मात्र दिसत नाहीत. त्यांची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून कमी, ते बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. १९५५ साली जे. पी. ड्युगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच यंत्रानं ते बघितले आणि त्यांना फिम्ब्रिया म्हटलं. केसवाले जंतू रक्ताच्या पेशींच्या गुठळ्या करतात हे त्यांनी जोडून दाखवलं. पुढं १९७७ साली इस्राएलच्या ओफेक, मिरेलमन आणि शॅरॉन यांनी माणसाच्या गालाच्या आतल्या पेशी घेऊन दाखवलं की ई. कोलाय त्यांना मॅनोजच्या आधारानंच चिकटतो. मी बघितलेला खेळ त्याच विचाराचा धाकटा भाऊ आहे, असं सर म्हणाले.

मग मी सरांना विचारलं, जे मला राहून राहून सतावत होतं. लघवीची धार एवढ्या जोरात येते, तिच्यात हे वाहून कसे जात नाहीत?

सरांनी भाचीकडं बघितलं, तू सांग म्हणून. तिनं माझ्या ओढणीला खालच्या मैदानातून येताना चिकटलेली आघाड्याची बी काढली आणि पुन्हा लावली. “नुसती टेकली तर पडते ना? आता ओढ.” ओढल्यावर ती जास्त रुतली. फिम-एचचं तसंच काहीसं आहे, पण त्याहून हुशार. त्या हाताचे दोन भाग असतात, एक साखर धरणारा, एक केसाला जोडलेला. शांत पाण्यात हे दोन भाग एकमेकांना टेकून असतात, तेव्हा साखरेची खोबण ढिली राहते आणि जंतू सहज सुटतो, इकडंतिकडं सरकतो. पाण्याची धार आली, जंतूला ओढ बसली, की ते दोन भाग एकमेकांपासून लांबतात आणि त्याच ओढीनं खोबण साखरेवर आवळली जाते. ओढ जेवढी, पकड तेवढी. धार थांबली की पुन्हा सैल. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात वेंडी थॉमस, व्हियोला फोगेल आणि एव्हगेनी सोकुरेंको यांनी २००२ साली हे मांडलं. तोवर बहुतेक जण धरून चालले होते की ओढलं की बंध तुटायलाच हवा.

आम्ही मागावर फासगाठ रोज बघतो. ओढलं की आवळते. पण गाठीला कळत नाही कधी आवळायचं. जंतूच्या या पकडीला ते कळल्यासारखं आहे. आणि तो केस स्वतः स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, झटका बसला की उलगडून कितीतरी पट लांब होतो, पतंगाला ढील द्यावी तशी, म्हणजे टोकाची पकड एकदम तुटत नाही.

हे ऐकून मी घाबरले. मग पाणी पिऊन उपयोगच काय? धारेनं तर ते जास्त धरून बसणार.

त्यावर सरांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. आपलं मूत्रपिंड रोज एक प्रथिन लघवीत सोडतं, युरोमोड्युलिन. निरोगी माणसाच्या लघवीतल्या प्रथिनांत सगळ्यांत जास्त असतं ते हेच. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० साली ते वेगळं काढलं. त्याचे लांब धागे असतात आणि त्या धाग्यांना मॅनोजवाल्या साखळ्या लगडलेल्या असतात. म्हणजे लघवीत फिरणाऱ्या जंतूला मूत्राशयाच्या भिंतीआधी हा धागा भेटतो, तो त्यालाच धरतो, आणि धाग्यासकट गुंता होऊन बाहेर पडतो. झुरिकच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली या धाग्यांत जंतू अडकलेले दाखवले. पण गुंता बाहेर पडायला धार हवी. लघवी सहा-सहा, आठ-आठ तास आत कोंडून ठेवली तर अडकलेलेही तिथंच, न अडकलेलेही तिथंच, आणि दर थोड्या वेळानं एकाचे दोन.

माझं शरीर माझ्या नकळत रोज सूत सोडत होतं, आणि मी दार लावून बसले होते. मला त्या क्षणी फार भरून आलं.

बाकीचं थोडक्यात सांगते. मेडिकलवाल्या गोळ्यांनी तेव्हा बरं वाटून पुन्हा का उलटलं, याचं एक कारण आर हे होतंच. दुसरं मॅडमनी नंतर सांगितलं: पकड बसली की जंतू छत्री पेशीच्या आत शिरू शकतो आणि तिथं वाढून गड्डा करतो, फरशीखाली मुंग्यांनी वारूळ करावं तसा. शरीर मग वरची फरशीच उखडून लघवीवाटे टाकतं. त्यात पुष्कळ जंतू जातात, पण खालचा थर उघडा पडतो. उंदरांत हे २००३ साली तपशिलानं दिसलं, आणि आजारी बायकांच्या लघवीतून पडलेल्या पेशींतही तसे गड्डे २००७ साली सापडले. आणि कमरेच्या वर पाठीत दुखतं का, ताप येतो का, हे मॅडम एवढं खोदून का विचारत होत्या तेही कळलं. काही ई. कोलायकडं दुसऱ्या प्रकारचे केस असतात, पी पिलाय. त्यांच्या टोकाचा हात मॅनोज न धरता मूत्रपिंडाच्या पेशींवरची वेगळी साखर धरतो. ते वर पोचले तर थंडी वाजून ताप, उलट्या, पाठीत कळ. तेव्हा घरी थांबायचं नाही.

मॅनोजच्या पुडीचं सांगायलाच हवं, कारण ती दुसरी काचपट्टी बघितल्यावर माझ्या मनात तेच आलं. पुडी मिळते, महाग असते. जंतूचे हात साखरेनं भरून टाकायचे, किती सरळ उपाय! मी मॅडमना विचारलं. त्यांनी सांगितलं की ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा त्रास होणाऱ्या ५९८ बायकांवर याची परीक्षा झाली, २०२४ साली निकाल छापून आला. निम्म्यांना सहा महिने रोज मॅनोज, निम्म्यांना तशीच दिसणारी दुसरी साखर. मॅनोजवाल्यांत ५१ टक्क्यांना पुन्हा त्रासासाठी दवाखाना गाठावा लागला, दुसऱ्यांत सुमारे ५६ टक्क्यांना. एवढा फरक योगायोगानंही पडतो. काचपट्टीवर जंतू मॅनोजमध्ये बुडालेला असतो, तोंडानं घेतलेलं मॅनोज मूत्राशयापर्यंत किती पोचणार? मी पुडी घेतली नाही. मन खट्टू झालं, हे खरं.

पाण्याचा निकाल मात्र चांगला आहे. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं. २०१८ साली ते छापून आलं. जास्त पाणी पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे सासूबाईंच्या धण्या-जिऱ्याच्या तांब्यात तथ्य आहेच, निदान त्यातल्या पाण्यात. त्यांना मी तसं सांगितलं. “मग, मी काय खोटं सांगू लालते व्हय?” म्हणाल्या.

पण पाणी प्यायचं तर जायला जागा हवी. डिसेंबरमध्ये आम्ही टेबलावरच्या सात जणी मिळून सुपरवायझरकडं गेलो. मी ते पाकीट बरोबर नेलं होतं, शहाबादी फरशीच्या चित्राचं. त्याला दाखवायची वेळ आली नाही, कारण चित्र बाहेर काढायच्या आधीच तो खाली बघायला लागला. त्याचीही बायको आहे, आई आहे. दुसऱ्या दिवशी किल्ली वॉचमनच्या खुर्चीवरून हलली. आता ती आमच्या टेबलाच्या पायाला खिळ्यावर असते, लाल सुताच्या गोफात. सकाळी अकराला, दीडला आणि साडेतीनला मी ती काढते. प्रत्येकीकडं लिटरची बाटली आहे, संध्याकाळपर्यंत ती दोनदा भरते.

तेव्हापासून मला एकदा त्रास झाला, फेब्रुवारीत. त्या दिवशीच डबी घेतली, गोळ्या मॅडमनी दिल्या त्या पाचही दिवस घेतल्या.

गेल्या आठवड्यात हेमिंगच्या मशीनवरची एक मुलगी, लग्नाला चारच महिने झालेली, किल्ली घ्यायला आली आणि तिथंच उभी राहिली. टॉवेलवर तळहात फिरवता फिरवता मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं.

“काय गं, उन्हाळी?”

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी. “ताई, सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरी स्वच्छता शिकवली नाही.”

मी टॉवेल बाजूला सारला आणि तिला शेजारच्या गठ्ठ्यावर बसवलं. “उद्या सकाळी माझ्याबरोबर मॅडमकडं चल. आणि डबी दिली तर पहिली धार सोडून द्यायची, नीट ऐक. बर्फ मी आणते.”